जमीन चिमूटभर, भांडण समुद्रभर!

बांधावरून भाऊबंद कोर्टाची पायरी चढतात. देशांचं तरी काय वेगळं?

मँगो मूसवरून दोन देशांत बिनसलं होतं, माहीत आहे का? एप्रिल 2018, दोन्ही कोरियांच्या नेत्यांची मेजवानी. डेझर्टवर कोरियाचा नकाशा आणि त्यात दोक्दो बेटं! जपानच्या लेखी हीच आपली 'ताकेशिमा'. निषेधाचा खलिता गरमागरम सर्व्ह! बेटांचं क्षेत्रफळ? पाव चौरस किलोमीटरही नाही.

पब्लिकही कमी नाही हं. 2012च्या ऑलिम्पिकमध्ये दक्षिण कोरियाने फुटबॉलचं कांस्य जिंकलं, तेही जपानला हरवून. एका खेळाडूने 'दोक्दो आमचं' असा फलक झळकवला आणि पदक समारंभाला मुकला. पदक हाती पडलं पुढच्या वर्षी!

आता जपानचंच ओकिनोतोरी घ्या. भरतीला पाण्याबाहेर उरतात जेमतेम दोन खडक, एक तर डबलबेडएवढा. जपानने त्यांना काँक्रीटचं चिलखत चढवलं, वर टायटॅनियमची जाळी! एवढे लाड का? ते 'बेट' ठरलं तर भोवतीच्या 200 सागरी मैलांतले मासे आणि खनिजं जपानची. म्हणजे सुमारे 4 लाख चौरस किलोमीटर समुद्र, जपानच्या अख्ख्या जमिनीपेक्षा मोठा! चीन म्हणतो, खडक तो खडकच. त्याला कसला आलाय समुद्र?

आणि बेटच बुडालं तर? बंगालच्या उपसागरात 1970च्या चक्रीवादळानंतर एक बेट वर आलं. आपण म्हटलं न्यू मूर, बांगलादेशने दक्षिण तालपट्टी. 1981मध्ये आपण तिथे तिरंगाही फडकवला. 2010पर्यंत बेट गडप! सागरी हद्दीचा वाद मात्र तरंगतच राहिला, निकाल लागला 2014मध्ये.

सगळीकडे मासे-तेलच असतं असं नाही. बेळगावचंच घ्या. 1 नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव, तर सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. महाराष्ट्राचा दावा 865 गावांवर, आणि मुद्दा मायबोलीचा.

सगळ्यात झिंगाट भांडण कॅनडा-डेन्मार्कचं. हान्स बेट, 1.3 चौरस किलोमीटर, नुसता खडक. 1984मध्ये कॅनडाच्या सैनिकांनी झेंडा रोवला आणि शेजारी व्हिस्कीची बाटली ठेवली. डेन्मार्कचा मंत्री आपला झेंडा आणि आपली बाटली घेऊन हजर! 2022मध्ये दोघांनी बेट वाटून घेतलं.

पण कुणालाच नको असलेली जमीन माहीत आहे का? इजिप्त-सुदानमधलं बीर तवील, 2,060 चौरस किलोमीटर वाळवंट. 1899 आणि 1902 अशा दोन सीमारेषा. जो बीर तवील मागेल, त्याच्या हातून तांबड्या समुद्राकाठचा हलाइब जाईल. म्हणून दोघेही म्हणतात, "पहिले आप!" 2014मध्ये एका अमेरिकन बाबाने तिथे झेंडा रोवला. लेकीला राजकन्या व्हायचं होतं ना!