पांढरा सेल आणि रिकामा सेल

स्प्रेडशीट उघडल्यावर दिसणारे फिकट करड्या रेषांचे जाळे कोणत्याही सेलच्या मालकीचे नसते. ते सगळ्या शीटचे असते आणि पाहणाऱ्याच्या सोयीपुरते असते. एक्सेलची फाइल आतून उलगडून पाहिली, तर ग्रिडलाइन दाखवायच्या की लपवायच्या याची नोंद शीटच्या दृश्यासाठी एकदाच केलेली सापडते. सेलचा रंग आणि बॉर्डर यांची नोंद मात्र त्या त्या सेलच्या शैलीशी जोडलेली असते. म्हणून पडद्यावर आखीव दिसणारा तक्ता छापून काढला की कागदावर नुसते आकडे विखुरलेले दिसतात. मुद्दाम सांगितल्याशिवाय एक्सेल ग्रिडलाइन छापत नाही. कागदावर रेघ हवी असेल तर बॉर्डर द्यावी लागते.

सेलमध्ये रंग भरला की ग्रिडलाइन गायब होतात, ही तक्रार नेहमी ऐकू येते. त्यात बिघाड काही नाही. रंगाचा थर जाळ्यावर बसतो आणि खालची रेघ झाकतो. बॉर्डर त्या थराच्याही वर काढली जाते, म्हणून ती टिकते. लिबरऑफिस कॅल्कमध्ये रंगीत सेलवरही ग्रिडलाइन दाखवण्याचा वेगळा पर्याय आहे. एक्सेलमध्ये तो नाही.

पांढरा रंग भरलेल्या सेललाही हाच नियम लागू होतो. ‘नो फिल’ आणि पांढरा फिल पडद्यावर जवळपास सारखे दिसतात, फक्त पांढऱ्याच्या कडेच्या रेषा पुसल्या जातात. फाइलमध्ये मात्र दोन्ही नोंदी वेगळ्या असतात: एका सेलला रंग दिलेलाच नाही, दुसऱ्याला पांढरा रंग दिलेला आहे. काहीच न सांगणे आणि ‘पांढरा’ असे सांगणे यातला हा फरक पावसाच्या तक्त्यात फार महत्त्वाचा ठरतो, आणि देशाच्या पावसाचा तक्ता पुण्यात दीर्घकाळ बारकाईने सांभाळला गेला आहे.

भारतीय हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला म्हणूनच आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेले, पण हवामानाच्या जुन्या नोंदी आणि त्यांचा अभ्यास पुण्यातच राहिला. या नोंदींचा पाया साधा आहे. रोज सकाळी साडेआठ वाजता मागच्या २४ तासांचा पाऊस मोजायचा आणि मिलिमीटरमध्ये लिहायचा. थेंबही पडला नसेल तर शून्य लिहायचे. नोंदच झाली नसेल तर शून्य लिहायचे नाही.

ठरावीक काळात पडलेल्या पावसाची सरासरीशी तुलना करून जिल्ह्यांची प्रतवारी केली जाते आणि प्रत्येक प्रतीला एक रंग असतो. सरासरीपेक्षा ६० टक्के किंवा त्याहून जास्त पाऊस असेल तर गडद निळा, २० ते ५९ टक्के जास्त असेल तर फिकट निळा. उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे सामान्य, त्याला हिरवा. २० ते ५९ टक्के तूट लाल, ६० ते ९९ टक्के तूट पिवळी. पाऊस अजिबात नसेल, म्हणजे उणे १०० टक्के, तर पांढरा. आणि आकडेवारीच उपलब्ध नसेल तर करडा. पांढरा आणि करडा वेगळे ठेवण्यात या पद्धतीचा खरा शहाणपणा आहे. पांढरा जिल्हा कोरडा आहे हे मोजून कळलेले असते. करड्या जिल्ह्याबद्दल काहीच कळलेले नसते.

हाच तक्ता कंडिशनल फॉरमॅटिंग वापरून एक्सेलमध्ये करू पाहणाऱ्याला दोन ठिकाणी हमखास अडखळायला होते.

पहिली अडचण रिकाम्या सेलची. टक्केवारीचे सूत्र सोपे आहे: पडलेल्या पावसातून सरासरी वजा करा, सरासरीने भागा, १०० ने गुणा. सरासरी २५० मिलिमीटर आहे आणि पडलेल्या पावसाचा सेल रिकामा आहे असे समजा. वजाबाकी करताना एक्सेल रिकाम्या सेलला शून्य धरते आणि उत्तर येते उणे १००. जिल्हा पांढरा होतो, म्हणजे न आलेली नोंद ‘पाऊस नाही’ म्हणून जाहीर होते. गंमत अशी की सरासरी काढणारे ॲव्हरेज हे फंक्शन रिकामा सेल मोजतच नाही. १२, ० आणि ६ यांची सरासरी ६ येते. मधला सेल रिकामा असेल तर ९ येते. एकाच शीटमध्ये एक सूत्र रिकाम्या सेलला शून्य मानते आणि दुसरे त्याला वगळते. म्हणून सेल रिकामा आहे का, ही तपासणी सूत्रात सगळ्यात आधी यायला हवी आणि करड्या रंगाचा नियम यादीत सर्वांत वर हवा.

दुसरी अडचण सीमारेषेवरची. सरासरी २५० आणि पाऊस २०१ मिलिमीटर असेल तर तूट १९.६ टक्के येते. सेलमध्ये पूर्णांकच दाखवायचे ठरवले असेल तर तिथे उणे २० दिसते. पण ते फक्त दिसणे असते; आत उणे १९.६ तसाच असतो आणि रंगाचे नियम आतला आकडा वाचतात. हिरव्याचा नियम उणे १९ वर थांबतो, लालचा उणे २० पासून सुरू होतो. हा सेल दोन्हींच्या फटीत पडतो, त्याला रंगच मिळत नाही आणि रंगीत तक्त्याच्या मधोमध ग्रिडलाइनसकट उघडा राहतो. राउंड फंक्शनने आकडा खरोखरच पूर्णांकात आणला की फट बुजते.

रंगांची निवडही तपासून पाहण्यासारखी आहे. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून बनतो. प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ रंग. २००७ पूर्वीच्या एक्सेलमध्ये एका फाइलला ५६ रंगांचीच पेटी होती. डोळ्याला मात्र हे तीन प्रकाश सारखे तेजस्वी वाटत नाहीत. उजळपणाच्या प्रमाण सूत्रात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के असतो. त्यामुळे शुद्ध पिवळा, म्हणजे लाल अधिक हिरवा, पांढऱ्याच्या अगदी जवळ जातो. पिवळ्यावर काळ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट १९ पटींहून जास्त असतो, तर पांढऱ्या अक्षरांचा जेमतेम १.०७. वाचनीयतेसाठी किमान ४.५ पट हवा असे वेबसाठीचे प्रमाण सांगते. शुद्ध लालवर पांढरी अक्षरे वापरण्याची सवय सगळीकडे आहे, पण तिथे तो ४ पटच भरतो; काळ्या अक्षरांचा ५.२५ भरतो.

आता पावसाचा रंगीत तक्ता साध्या झेरॉक्सवर काढला तर काय होईल, ते उघड आहे. लाल रंग गडद करडा होतो, पिवळा जवळजवळ कोरा. ६० टक्क्यांहून जास्त तुटीचा जिल्हा २० टक्के तुटीच्या जिल्ह्यापेक्षा फिका दिसतो आणि ‘पाऊस नाही’च्या पांढऱ्यात मिसळतो. शिवाय लाल-हिरवा फरक न ओळखणाऱ्यांची संख्या थोडी नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत ते प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. संबंधित जनुके एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे स्त्रियांत ते बरेच कमी आढळते. सामान्य आणि तूट या शेजारच्या दोन प्रतींना नेमके हेच दोन रंग दिलेले आहेत. हवामान विभागाच्याच इशाऱ्यांच्या रंगसंगतीत तर क्रमच उलटा आहे: तिथे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि सर्वांत गंभीर लाल. म्हणजे पिवळा एका तक्त्यात लालपेक्षा वाईट आणि दुसऱ्यात लालपेक्षा बरा. यावर उपाय एकच: रंगाशेजारी प्रतीचे नाव लिहिलेला एक रकाना ठेवणे. रंगावरून गाळणी लावता येते, पण एक्सेलचे नेहमीचे कोणतेही फंक्शन सेलचा फिल वाचू शकत नाही, आणि फाइल सीएसव्ही स्वरूपात जतन केली की रंग, बॉर्डर सगळे गळून जाते.

पुण्यात तयार झालेले देशाच्या पावसाचे एक मोठे जाळे असेच बिनरंगी आहे. हवामान विभागातील पै आणि सहकाऱ्यांनी ‘मौसम’ या नियतकालिकात २०१४ मध्ये मांडलेल्या संचात १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या जाळ्यावर दिला आहे. १२९ अक्षांश आणि १३५ रेखांश मिळून रोजचे १७,४१५ बिंदू होतात. ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून, जवळच्या केंद्राला जास्त आणि दूरच्याला कमी वजन देऊन, प्रत्येक बिंदूचा आकडा काढलेला आहे. जिथे आकडा नाही तिथे रिकामी जागा न सोडता उणे ९९९ लिहितात. पाऊस उणे असूच शकत नाही, म्हणून गैरसमज होत नाही. अर्थात हे ठाऊक नसताना सरासरी काढली, तर १२, उणे ९९९ आणि ६ यांची सरासरी उणे ३२७ येते.

या जाळ्याचा एक चौकोन पुण्याच्या अक्षांशावर साधारण २८ किलोमीटर उंच आणि २६ किलोमीटर रुंद भरतो. बिंदू चौकोनाच्या मध्यावर मानला, तर शिवाजीनगर आणि पाषाण या वेधशाळा साडेअठरा अंश उत्तर, पावणेचौऱ्याहत्तर अंश पूर्व या बिंदूच्या चौकोनात येतात. पूर्वेकडची हद्द पुणे स्टेशनच्या अगदी जवळून जाते, त्यामुळे लोहगाव आणि हडपसर शेजारच्या चौकोनात पडतात. घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस आणि बारामतीकडे पाचशेच्या आसपास, असा उतार असलेल्या जिल्ह्यात पश्चिमेकडच्या एकाच चौकोनात डोंगराची धार आणि तिच्या पायथ्याची पर्जन्यछाया दोन्ही सामावतात आणि दोघांना मिळून एकच आकडा मिळतो. त्यांना वेगळे पाहायचे असेल, तर जाळे बाजूला ठेवून केंद्रनिहाय नोंदींचा तक्ताच उघडावा लागतो.