डोंगराच्या मापाची चार इंजिनं

नेरळ स्थानकावर दोन रेल्वे शेजारी-शेजारी आहेत. एक मुंबई-पुण्याची, रुंद रुळांची. दुसरीच्या दोन रुळांत अंतर जेमतेम दोन फूट. ही धाकटी रेल्वे माथेरानचा डोंगर चढते. १९०७ पासून पुढची पाऊणशे वर्षं तिचा भार वाहिला तो वाफेच्या चार इंजिनांनी. ७३८, ७३९, ७४० आणि ७४१ या क्रमांकांनी रेल्वेप्रेमी त्यांना आजही ओळखतात.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली माथेरानला पोचले आणि मुंबईकरांना हवा पालटायला हक्काचं ठिकाण मिळालं. पण नेरळपासून वर जायचं ते पायी, घोड्यावर किंवा पालखीत. ही अडचण दूर करायचं मनावर घेतलं आदमजी पीरभॉय या उद्योगपतींनी. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतलं. १९०४ मध्ये बांधकाम सुरू झालं, सुमारे सोळा लाख रुपये खर्च झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी धावू लागली.

खरं कोडं होतं इंजिनाचं. एकवीस किलोमीटरच्या या वाटेवर वीस फुटांमागे एक फूट असा चढ. एवढ्या चढावर चाकं घसरू नयेत म्हणून इंजिनाचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवरच हवं आणि ताकदीसाठी तीन आस, म्हणजे सहा चाकं तरी हवीत. पण दांड्यांनी एकमेकांना जखडलेले तीन आस सरळ रेषेतच सुखाने चालतात. इथे तर काही वळणांची त्रिज्या अवघी साठ फूट. दार्जिलिंगच्या रेल्वेने चारच चाकांची इंजिनं वापरली, आणि चढ जिंकण्यासाठी रुळांचे वेढे घातले, गाडी मागेपुढे नेत चढवली. माथेरानला जुम्मापट्टीजवळ घोड्याच्या नालेसारखा भराव घालून गाडी उलटी घेण्याची गरजच टाळली. मार्ग असा अखंड ठेवला, तेव्हा वळण्याचं काम इंजिनाच्या वाट्याला आलं.

ही इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्यात घडली. त्यांच्या रचनेमागे होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, आपल्या बार्शी लाईट रेल्वेचे जनक. या इंजिनांत वापरली ती क्लीन-लिंडनर पद्धत. सॅक्सनीच्या रेल्वेतल्या दोन अभियंत्यांच्या नावाची ही युक्ती आजही थक्क करते. पुढचा आणि मागचा आस दुहेरी होता. आत भरीव आस, त्याच्यावर सैल बाहीसारखा पोकळ आस, आणि चाकं बसवलेली या पोकळ आसावर. दोन्ही आस फक्त मध्यभागी एका गोलाकार सांध्याने जोडलेले. आतला आस दांड्यांबरोबर सरळ फिरत राहायचा. बाहेरचा त्याच्याबरोबर फिरतानाच रूळ नेतील तसा किंचित तिरपा व्हायचा, बाजूला सरकायचा. जोर जराही न गमावता सहा चाकं वळण घ्यायची.

कोळसा आणि पाणी इंजिनाच्याच अंगावर, त्यामुळे मागे टेंडर नव्हता. चढताना तहान भागवायला वाटेत ‘वॉटर पाईप’ स्थानक होतं. नावातच त्याचं काम लिहिलेलं. उतरताना डब्याडब्यावरचे ब्रेकमन हातब्रेक आवळून गाडी आवरायचे. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने मार्ग बंद व्हायचा, आणि पाऊस सरला की पुन्हा तीच वाट.

१९५५ मध्ये जर्मनीहूनच डिझेल इंजिनं आली. तरीही वाफेची इंजिनं एका दिवसात हद्दपार झाली नाहीत. दोन पिढ्या एकाच रुळावर नांदल्या आणि १९८२ च्या सुमारास वाफेचं पर्व संपलं. चारांपैकी ७४० क्रमांकाचं इंजिन इंग्लंडला गेलं. पुढे वाफेच्या गाडीची हौस पुन्हा जागी झाली, तेव्हा नेरळला दार्जिलिंगचं चार चाकी इंजिन आणावं लागलं. त्याचं स्वागतच, पण या डोंगरासाठी घडवलेली इंजिनं असताना बाहेरचं आणावं लागलं, ही बोच राहतेच.

डोंगराला आपल्या मापाचं करण्याची घाई आज सगळीकडे दिसते. या चार इंजिनांच्या कर्त्यांनी यंत्र डोंगराच्या मापाचं केलं, म्हणून ते पाऊणशे वर्षं टिकलं. नेरळला मांडून ठेवलेल्या जुन्या इंजिनापाशी लोक धुराड्याकडे बघत फोटो काढतात. पुढच्या वेळी मुलांना घेऊन जाल तेव्हा जरा खाली वाका आणि दोन चाकांच्या मधे बघा. सारी करामत तिथे आहे.