जनावराचं ऑपरेशन : करायचं की नाही, कसं ठरवायचं?

आज ज्या विषयावर बोलायचं आहे, तो बैठकीत निघाला की सगळ्याजणी गप्प होतात. दावणीची गाय, म्हैस किंवा बैल आजारी पडतो. डॉक्टर म्हणतात, पोट उघडावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून घरात दोन तट पडतात. एक म्हणतं, "एवढ्या पैशात अर्धं जनावर येतं." दुसरं म्हणतं, "लेकरासारखं वाढवलंय, असं कसं सोडायचं?" आम्हाला वाटतं, दोघांचंही खरं आहे. म्हणून हा निर्णय भांडून नव्हे, नीट विचारपूस करून घ्यायचा असतो.

आधी आजार समजून घेऊ. गाय-म्हैस चारा भराभर गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. त्यामुळे कडब्यात किंवा भुसकटात आलेला तारेचा तुकडा, खिळा तिला कळत नाही. तो पोटातल्या जाळीसारख्या कप्प्यात जाऊन बसतो. हा कप्पा आणि हृदय यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. तार पुढे सरकली की तो पडदा भोसकून हृदयापर्यंत पोचते. खाणं सुटतं, दूध एकदम घटतं, रवंथ थांबतं, पोट पुन्हा पुन्हा फुगतं, उतारावरून चालताना जनावर कण्हतं. ही सुरुवातीची लक्षणं आहेत. या वेळी डावी भकाळी बधिर करून, बहुधा उभ्या जनावराचंच ऑपरेशन करतात आणि तार काढतात. अशी जनावरं बऱ्याचदा बरी होतात. पण पुढच्या पायांच्या मध्ये सूज उतरली, मानेची शीर दोरीसारखी फुगली, म्हणजे हृदयाभोवती पू झाला असण्याची भीती असते. मग ऑपरेशनचा फारसा उपयोग होत नाही. खर्च तेवढाच होतो, फरक पडतो तो आपण किती दिवस घरगुती उपाय करत बसलो याचा.

बैलाच्या शिंगाच्या कॅन्सरचंही असंच आहे. बैल सारखी मान झटकतो, शिंग कशावर तरी घासतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं, शिंग कलतं. लवकर दाखवलं तर शिंग मुळापासून काढून बैल वाचू शकतो. मात्र हा रोग पुन्हा उलटू शकतो, हेही आधीच माहीत असावं.

म्हणून पहिला खर्च ऑपरेशनचा नाही, तपासणीचा. १९६२ हा जनावरांच्या उपचारासाठी टोल-फ्री नंबर आहे. त्यावर फोन करा किंवा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. आपला हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीपासून वेगळा झाला, पण जनावराच्या मोठ्या उपचारासाठी जवळची वाट अजून परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचीच आहे. निघण्याआधी इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्या आणि जनावर प्रवास सोसेल का, ते विचारा.

डॉक्टरांना पाच प्रश्न विचारा. लाजू नका.

१. आजार नक्की कोणता, आणि तो कशावरून ठरवला?
२. अशी दहा जनावरं आली तर किती उठतात?
३. उठल्यावर दूध देईल का, गाभण राहील का, औताला चालेल का?
४. औषधं, टेम्पो, नंतरच्या फेऱ्या धरून एकूण खर्च किती? औषधामुळे किती दिवस दूध विकता येणार नाही?
५. ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, आणि जनावराला त्रास किती होईल?

आता हिशोब मांडू. समजा, म्हैस दिवसाला ६ लिटर दूध देते आणि भाव ५० रुपये आहे. म्हणजे ३०० रुपये. चारा-पेंडीत निम्मे गेले तर १५० उरतात, महिन्याचे ४,५००. अजून चार महिने ती दुधात राहिली तर १८,००० रुपये. एकूण खर्च १५,००० असेल तर तो फिटतो आणि म्हैसही दावणीला राहते. पण डॉक्टर म्हणाले, दोनापैकी एकच वाचते, तर तेच १५,००० आपण अर्ध्या भरवशावर लावतोय. तेव्हा स्वतःला विचारा, म्हैस गेली तर हे पैसे फेडता येतील का? उत्तर "हो" असेल तरच कर्ज काढा. ते गटातून, ठराव लिहून, हप्ता ठरवून काढा. सावकाराकडे किंवा डाग गहाण ठेवून नको. पशुधन विमा बहुधा जनावर दगावल्यावर मिळतो, ऑपरेशनसाठी नाही. तोही कानात बिल्ला असेल तर.

"विकून टाकू" हा मार्गही आता तितका सोपा राहिला नाही. २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे आजारी बैलाला गिऱ्हाईक मिळणं कठीण. आणि आजार लपवून दुसऱ्या गरिबाच्या गळ्यात बांधणं आपल्याला शोभत नाही.

राहिला म्हातारा बैल. बारा वर्षं ज्यानं शेत ओढलं, पोळ्याला ज्याची पूजा केली, त्याचा खर्च कोणत्याच हिशोबात बसत नाही. तरीही तो करावासा वाटला, तर त्यात वेडेपणा नाही. फक्त तो घरच्या शिलकीतून करावा. लेकीची फी, बियाण्याचे पैसे मोडून नको.

आणि आशा नसेल तेव्हा "नको" म्हणणं म्हणजे निर्दयपणा नव्हे. मऊ आणि कोरडी जागा, पाणी, वेदना कमी करणारं औषध, अंगावरून हात, हे सगळं आपण देऊ शकतो. वेदना असह्य असतील तर पुढे काय करायचं, ते पशुवैद्यकांनाच विचारा.

शेवटी एक आग्रह. धार काढणारी, शेण काढणारी बाई जनावराचं दुखणं सगळ्यात आधी ओळखते. मग हा निर्णय तिला वगळून होऊ नये. येत्या बैठकीत दोन कामं करा. प्रत्येकीच्या गोठ्याच्या भिंतीवर १९६२ लिहा, आणि चारा टाकण्याआधी तार, खिळे, कॅरीबॅग वेचायची सवय लावा. गव्हाणीत सापडलेला एक खिळा एक ऑपरेशन वाचवतो.