न पुसणाऱ्या वहीतला पत्ता

दरोडेखोरांची टोळी मोडायची तर आधी तिचा म्होरक्या गाठावा, अशी जुनी रीत. म्होरक्या गेला की टोळी पांगते. आज संगणकांच्या दुनियेतही टोळ्या आहेत. मात्र त्यांतले गडी माणसे नसून तुमच्याआमच्यासारख्यांचे संगणक असतात. मालकाला गंधवार्ता नसते, आणि त्याचे यंत्र परक्याची वेठ करीत असते. अशा टोळीला ‘बॉटनेट’ म्हणतात.

‘ग्लुप्टेबा’ ही अशीच एक टोळी. सन २०२१ च्या डिसेंबरात गूगल कंपनीने तिच्यावर घाव घातला, तेव्हा सुमारे १० लाख विंडोज संगणक तिच्या कह्यात होते. अमेरिका, ब्राझील यांच्याबरोबर आपल्या भारतातलेही त्यांत होते. पासवर्ड चोरणे, दुसऱ्याच्या विजेवर आभासी नाणी पाडणे, आणि त्याच्या इंटरनेटची वाट परस्पर भाड्याने देणे, हे तिचे उद्योग. म्हणजे गुन्हा करणार कोणी तिसराच, आणि माग निघणार तुमच्या दारापर्यंत!

हा चोर शिरतो बहुधा फुकटच्या मोहाने. विकतचे सॉफ्टवेअर कुलूप फोडून फुकट वाटतात ना, त्याच्याबरोबर तो येतो. विंडोजमध्ये विषाणू हुडकणारा एक पहारेकरी असतो. त्याच्यापाशी ‘यांना तपासू नये’ अशी एक यादी असते, ती रास्त कामासाठीच ठेवलेली. चोर त्या यादीत आपलेच नाव घालतो. मग पहारेकरी त्याला हटकीत नाही.

आता म्होरक्याची गोष्ट. वेठीची यंत्रे एका दूरच्या संगणकाकडून, म्हणजे सर्व्हरकडून, हुकूम घेतात. तो बंद पाडला की टोळी पोरकी व्हावी. पण येथे बिटकॉइनची वही आडवी आली. तिला ‘ब्लॉकचेन’ म्हणतात. चावडीतल्या दप्तरासारखी ती एके ठिकाणी नसते. तिच्या नकला जगभर हजारो संगणकांवर असतात, आणि झालेली नोंद कोणाला खोडता येत नाही. व्यवहारापाशी चार अक्षरे लिहिण्यापुरती जागा असते. टोळीवाले तेथे नव्या सर्व्हरचा पत्ता सांकेतिक भाषेत लिहीत. जुना सर्व्हर गेला की यंत्रे ठरलेल्या खात्याच्या नोंदी वाचून नव्या धन्याकडे वळत. म्हणूनच सर्व्हर बंद झाले, न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा झाला, तरी २०२२ च्या जूनपासून टोळीने पुन्हा डोके वर काढले.

पण ही वही दुधारी आहे. जी नोंद कायद्याला पुसता येत नाही, ती चोरालाही पुसता येत नाही. संशोधकांनी तीच वही चाळून २०१९ पर्यंतच्या जुन्या पत्त्यांचा माग काढला.

गुरुजींना एक विनंती. शाळेच्या संगणकावर फुकटचे फोडलेले सॉफ्टवेअर घालू नका. विंडोजची दुरुस्ती वेळेवर घ्या. पहारेकऱ्याची ती यादी अधूनमधून उघडून पाहा. अनोळखी नाव दिसले तर जाणकाराला बोलवा, आणि पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदला. पैशाची फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लागलीच १९३० या क्रमांकावर कळवा. शेताला राखण लागते, तशी यंत्रालाही लागते.