वीतभर अंतराचा हिशेब

कानोसा : भाग ७

मागच्या भागात आपण घरातल्या खोलीचं बोललो. पंखा बंद करा, खिडकीवर रजई टांगा, फ्रिजपासून लांब बसा वगैरे. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच होता : घरातलं जमेल हो, पण आमच्या पॉडकास्टमधली माणसं घरात नसतात. कुणाला बांधावर बसून शेतकऱ्याशी बोलायचंय, कुणाला वारीत चालता चालता, कुणाला एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरशी. आणि शेवटी ठरलेला प्रश्न : रेकॉर्डर कोणता घेऊ?

रेकॉर्डरकडे येऊच, पण सावकाश. बाहेर जाऊन रेकॉर्डिंग करणारे नवखे लोक खर्चाचा क्रम हटकून चुकवतात. आधी यंत्र, मग उरलेल्या पैशांत माइक, आणि वाऱ्याची टोपी, हेडफोन वगैरे 'पुढच्या महिन्यात बघू'. बाहेर आवाज बिघडतो तो या पुढच्या महिन्यावर टाकलेल्या गोष्टींमुळे. आजच्या भागात म्हणूनच यादी शेवटून वाचायची आहे.

दापोली तालुक्यातलं हर्णै बंदर घ्या. होड्या किनाऱ्यापासून थोड्या दूर थांबतात, मासळी बैलगाड्यांतून वाळूवर येते आणि तिथेच लिलाव सुरू होतो. तिथल्या एखाद्या मासळी विकणाऱ्या मावशींशी तुम्हाला बोलायचंय. मागे इंजिनांची धडधड, लिलावाचा गलका, कावळे आणि सगळ्यांवर समुद्राचा वारा. तुम्ही मोबाइल काढता, दोघांच्या मधोमध धरता आणि बोलणं सुरू करता. समोर उभं असताना मावशींचं एकेक वाक्य स्पष्ट कळतं, कारण कान आणि मेंदू मिळून नको तो आवाज मागे ढकलत असतात. माइकला हे जमत नाही. घरी येऊन ऐकलं की लिलाव पुढे आणि मावशी कुठेतरी मागे.

इथे भौतिकशास्त्राचा एक साधा नियम कामाला येतो. मोकळ्या जागेत माइक तोंडापासून दुप्पट लांब गेला की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. माइक एका वितेवरून दोन वितांवर नेला की ६, चार वितांवर नेला की १२. बाजाराचा गलका मात्र चारी बाजूंनी आणि लांबून येत असतो, त्यामुळे माइक तुमच्या हातात इथे धरा की तिथे, त्याला फरक पडत नाही. म्हणजे माइक लांब नेऊन तुम्ही फक्त मावशींचा आवाज कमी करता, गलका आहे तेवढाच राहतो. नंतर संगणकावर आवाज वाढवायला गेलात की दोन्ही सोबतच वाढतात. एका वितेवर धरलेला साधा माइक चार वितांवर धरलेल्या उंची माइकला बाहेरच्या गोंगाटात सहज मागे टाकतो. तोंडापासून एक वीत, गलका फारच असेल तर अर्धी वीत, आणि माइक ओठांच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका थेट बसत नाही.

उभं कुठे राहायचं यालाही पैसे पडत नाहीत. हर्णैला गलका आणि वारा दोन्ही समुद्राच्या अंगानं येत असतील, तर समुद्राकडे पाठ तुम्ही करा, मावशींना करू देऊ नका. तुमचं शरीर वाऱ्याला आडवं येतं. शिवाय एका बाजूचंच ऐकणारा, म्हणजे कार्डिऑइड जातीचा माइक असेल तर त्याची पाठ तुमच्याकडे, अर्थात गलक्याकडे होते. आणि मावशींना बोलता बोलता आपल्या होडीवर नजर ठेवता येते, जे त्यांना तसंही हवंच असतं.

आता वारा. वारा हा सगळ्यात वाईट शत्रू, कारण तो आवाज म्हणून माइकमध्ये येतच नाही. हवेचा लोट माइकच्या नाजूक पडद्यावर आदळतो आणि त्याची घरघर तयार होते. ती इतकी जोरात असते की तिच्याखाली गेलेला शब्द कोणत्याही सॉफ्टवेअरला पूर्ण परत आणता येत नाही. माइकसोबत येणारी फोमची काळी टोपी खोलीत श्वासाच्या फटक्यापुरती ठीक आहे. किनाऱ्यावर, घाटात किंवा गाडीच्या खिडकीशी तिचा निभाव लागत नाही. तिथे लांब केसांची टोपी लागते. धंद्यात तिला 'डेडकॅट' म्हणतात आणि ती दिसतेही तशीच. केसांमध्ये हवेचा वेग मोडतो आणि पडद्यापर्यंत पोचेस्तोवर झुळूक उरते. रुमाल गुंडाळून थोडंफार भागतं, पण 'च', 'स', 'श' बोथट होतात. रेकॉर्डरवर 'लो कट' नावाचं बटण असेल तर ८० हर्ट्झच्या आसपास लावून ठेवा. माणसाच्या बोलण्याचं त्यानं फारसं बिघडत नाही आणि खालची घरघर थोडी कमी होते.

माइक कोणता, या प्रश्नावर माझं मत बहुतेक यूट्यूबवाल्यांपेक्षा वेगळं आहे. सगळे 'डायरेक्शनल घ्या' म्हणतात. स्टेजवर ते बरोबरच आहे. १९६६ साली आलेला शुअरचा एसएम५८ गाण्याच्या मंचांवर अजून दिसतो, आणि तो कार्डिऑइडच आहे. पण हातात धरून, वाऱ्यात, चालता चालता बोलायचं असेल तर चारी बाजूंनी ऐकणारा ऑम्नी माइक जास्त सोसतो. वाऱ्याचा आणि हाताच्या हालचालीचा आवाज तो कमी पकडतो, आणि बोलणाऱ्यानं मान वळवली तरी आवाज एकदम पडत नाही. बातमीदारांचा जुना आवडता, इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई५० हा ऑम्नी आहे तो उगाच नाही. ऑम्नी चारी बाजूंचं ऐकत असल्यामुळे तो आणखी जवळ धरावा लागतो, एवढीच त्याची अट.

ज्यांना माइक तोंडासमोर आला की बोलणं सुचत नाही, त्यांच्यासाठी कॉलर माइक. भारतात नवशिक्यांच्या हाती सगळ्यात जास्त दिसतो तो बोयाचा बीवाय-एम१. हजार रुपयांच्या आत मिळतो आणि त्याची वायर तब्बल सहा मीटर लांब असते. त्याच्या डबीवर एक छोटा खटका आहे, मोबाइलसाठी वेगळा आणि कॅमेऱ्यासाठी वेगळा. तो चुकीच्या बाजूला राहिला की आवाज येतच नाही किंवा खूप बारीक येतो, आणि दोष माइकच्या माथी जातो. पिनही पाहून घ्या. मोबाइलच्या जुन्या गोल छिद्राला लागणाऱ्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन. आजकालच्या बऱ्याच मोबाइलना हे छिद्रच नसतं, मग यूएसबी-सीचा जोड लागतो, आणि त्यातले सगळेच जोड माइक ओळखत नाहीत. दुकानातच लावून, रेकॉर्ड करून, ऐकून मगच घ्या.

कॉलर माइकच्या सूचनापत्रिका शर्ट घातलेल्या माणसासाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे समोर नऊवारीतली आजी असते. पदरावर माइक लावला की प्रत्येक हालचालीला कापड घासतं, आणि मंगळसूत्राचे मणी माइकवर टकटक करत राहतात. माइक त्यांच्या हाती द्या, पदराच्या आत, मंगळसूत्र जिथे टेकत नाही अशा जागी त्यांनाच लावू द्या. वायरचा एक छोटा वळसा करून चिकटपट्टीनं कापडाला लावला की वायर ओढली गेल्याचा धक्का माइकपर्यंत जात नाही. बांगड्यांचं काही करू नका. हातवारे करून बोलणाऱ्या बाईच्या बांगड्या वाजणारच, आणि ऐकणाऱ्याला त्या खुपत नाहीत.

बिनतारी माइकचं फॅड सध्या जोरात आहे. रोडचा वायरलेस गो २०१९ मध्ये आला आणि मग रांगच लागली. सोय आहे, नाकारत नाही. पण हे बहुतेक माइक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. तो भारतात परवान्याशिवाय वापरता येतो, म्हणूनच वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच गर्दी करून असतात. माणसाचं शरीर हे तरंग शोषून घेतं, त्यामुळे बोलणारा पाठ फिरवून चालू लागला की मध्येच शब्द गळतात. घ्यायचाच असेल तर छातीवरच्या डबीतच वेगळं रेकॉर्डिंग साठवणारा घ्या, म्हणजे हवेतून आलेलं तुटलं तरी मूळ शाबूत राहतं. एका जागी बसून बोलायचं असेल तर वायरसारखं खात्रीचं काही नाही.

आता यंत्र. स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्टेफान कुडेल्स्कीनं १९५१ साली 'नाग्रा' हा खांद्याला अडकवून नेता येणारा टेप रेकॉर्डर आणला. त्याची मोटर किल्लीनं चालायची. पुढे रेडिओचे आणि सिनेमाचे लोक अनेक वर्षं नाग्रावरच विसंबून होते. आज तुमच्या खिशातला मोबाइल बऱ्यापैकी रेकॉर्डर आहे, त्याच्याबद्दल नाक मुरडण्याचं कारण नाही. फक्त विमानात ठेवतो तसा एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर ऐन मुलाखतीत कुणाचा तरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. मोबाइलची खोड वेगळी आहे. बोलणारा थांबला की तो आपोआप आवाज वाढवतो, त्यामुळे प्रत्येक विरामात मागचा गलका फुगून वर येतो. आतलं हे ऑटो गेन बंद करू देणारं ॲप असेल तर तेच वापरा.

हातात मावणाऱ्या वेगळ्या रेकॉर्डरची दुनिया मुख्यतः जपानी झूम आणि टॅस्कॅम यांच्यात वाटलेली आहे. २००९ सालच्या झूम एच४एन नं ती घरोघर नेली. त्यात डोक्यावर दोन माइक आणि खाली बाहेरचे दोन माइक जोडायची सोय होती. चार जणांचा अड्डा असेल तर २०२० सालचा पॉडट्रॅक पी४ पाहा. चार माइक, चार हेडफोन, आणि दोन पेन्सिल सेलवर चालतो.

गेल्या काही वर्षांत खरोखर नवीन असं एकच घडलं, ते म्हणजे ३२-बिट फ्लोट. नेहमीच्या रेकॉर्डरवर गेन हातानं लावावा लागतो. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचली पाहिजे. शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला शिवता येत नाही. खूप खाली ठेवली तर वाढवताना सळसळ येते. गेन लावणं म्हणजे काठोकाठ न भरता भांडं भरणं. ३२-बिट फ्लोटवाल्या यंत्रांत आवाजाचे आकडे करणारे सहसा दोन भाग असतात, एक हळू आवाजासाठी, एक मोठ्या आवाजासाठी. दोघांचं मिळून जे उतरतं, त्यात कुजबुजही राहते आणि आरोळीही, आणि पातळी घरी बसून लावता येते. २०१९ मध्ये झूमच्या एफ६ मध्ये हे आलं. २०२२ च्या एफ३ मध्ये तर गेनचं चाकच ठेवलेलं नाही. आता एच१ एसेन्शिअलसारख्या लहान यंत्रातही हे मिळतं. वारीत शेजारी एकदम टाळ-मृदंग सुरू झाला तर याचं मोल कळतं. पण दुकानदार सांगतात तशी ही जादू नाही. माइक स्वतःच फाटला तर हे यंत्र काही करू शकत नाही, वाऱ्याची घरघर काढत नाही, आणि चार वितांवरचा माइक एका वितेवर आणत नाही. एकट्यानं फिरणाऱ्याची एक चिंता कमी होते, एवढं मात्र खरं.

बाकीचं झटपट. हेडफोन कान पूर्ण झाकणारे, वायरचे. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो. रेकॉर्डिंग चालू असताना कानाला लावून ठेवा, गळ्यात अडकवून नाही. रिचार्जेबल सेल वापरत असाल तर रेकॉर्डरच्या मेनूत तसं सांगा, नाहीतर बॅटरीची खूण खोटं बोलते. यंत्र महिनोन्महिने पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा. बोलणं संपल्यावर लगेच बंद न करता अर्धा मिनिट नुसता तिथला आवाज घ्या, कापाकापीत सांधे झाकायला तोच लागतो. सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि 'रेकॉर्ड करतोय, चालेल ना?' हे रेकॉर्डिंगमध्येच येऊ द्या.

आणि फाइल वेव्हमध्ये घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४-बिट, एका माइकची तासाची वेव्ह फाइल साधारण ५२० एमबीची होते, १२८ केबीपीएसची एमपी३ साठच्या आत. लोक इथे कार्ड वाचवतात आणि मला ते पटत नाही. संशोधक गी पॉइटेविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांनी त्यातल्या बऱ्याच प्रत्यक्ष गाणाऱ्या बायकांच्या आवाजात रेकॉर्ड केल्या. 'पारी'च्या, म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर त्या आज ऐकायला मिळतात, त्यातल्या काही बायका हयात नसल्या तरी. तुम्ही घेतलेली आजीची मुलाखत पॉडकास्टचा भाग म्हणून महिनाभरात मागे पडेल, पण मूळ फाइल नीट असेल तर तिचा आणखी कुणाला उपयोग होईल. कार्डावरून दोन वेगवेगळ्या जागी उतरवल्याशिवाय कार्ड पुसू नका.

तेव्हा दहा हजार हातात असतील तर माझा हिशेब असा : आधी वायरचा बरा हेडफोन, मग कॉलर माइक किंवा हातातला ऑम्नी, मग त्याच्या मापाची केसाळ टोपी. इथवर मोबाइलवरच चालवा. मोबाइलचं ऑटो गेन नडायला लागलं, किंवा एकाच वेळी दोन माइकची गरज पडली, की मग रेकॉर्डर घ्या. पुढच्या भागात या फाइली ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये आणून कापायच्या आहेत, तेव्हा घराबाहेर घेतलेलं दहा मिनिटांचं एखादं बोलणं तोवर तयार ठेवा.