आधी हत्ती पाहा

नाण्यांच्या प्रदर्शनात एकाच टेबलावर पंचम जॉर्जचे दोन चांदीचे रुपये मांडलेले असतात. दोन्ही १९१८ सालचे. एक पांढराशुभ्र, लखलखीत. दुसरा राखाडी, कडेला तपकिरी-जांभळट झाक आलेला. नवखं गिऱ्हाईक हमखास पहिल्याला हात घालतं. विक्रेता गप्प राहतो. त्याच्या लेखी दुसऱ्या नाण्याचं मोल पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं.

हा फरक ओळखता येणं म्हणजे नाण्याची प्रतवारी, छंदिष्टांच्या बोलीत ‘ग्रेडिंग’. ती शिकायला दुर्मीळ नाणं मुळीच घेऊ नये. आपल्याकडे त्यासाठी उत्तम पाटी म्हणजे हाच राजाछाप कलदार. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी. तो कोट्यवधींनी पाडला गेला, त्यामुळे आजही सहज मिळतो. १९१८च्या रुपयामागे तर वेगळीच गंमत आहे. महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेने पिटमन कायद्याखाली आपले चांदीचे डॉलर वितळवले, ती चांदी ब्रिटनला विकली आणि ती इथल्या टाकसाळींत आली.

आता नाणं कडेने धरा, बोट सपाटीवर टेकवू नका. झीज सगळीकडे सारखी होत नाही. जे उंच, ते आधी घासलं जातं. राजाच्या मुकुटावरची रत्नं, भुवई, कानाची पाळ आणि झग्यावरची साखळी ही ती उंच ठिकाणं. त्या साखळीत एक चिमुकला हत्ती आहे. जाणकार संग्राहकाची नजर आधी तिकडे जाते. हत्तीचे पाय, सोंड, अंगावरची झूल वेगवेगळी दिसते का? की नुसता एक उंचवटा उरलाय? १९११च्या पहिल्या रुपयात हा हत्ती इतका आखूड सोंडेचा निघाला की लोकांना तो डुक्कर वाटला. बोभाटा झाला, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२च्या रुपयावर हत्ती नीट घडवून आणला. तो १९११चा ‘पिग रुपी’ आज संग्राहकांचा लाडका आहे. मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली बारीक उठावदार ठिपका असेल तर नाणं मुंबईच्या टाकसाळीचं, नसेल तर कलकत्त्याचं. ठिपकाच झिजून गेला, तर मुंबईचं नाणं कलकत्त्याचं म्हणून खपतं. म्हणजे झीज मोजता आली नाही तर टाकसाळसुद्धा चुकते.

प्रतींची नावं पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. नाव-साल कसंबसं लागतं ते ‘गुड’. रूपरेषा शाबूत पण बारकावे गेलेले ते ‘फाइन’. मग ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रा फाइन’, आणि झीज अजिबात नाही ते ‘अनसर्क्युलेटेड’, म्हणजे यूएनसी. ‘प्रूफ’ ही प्रत नव्हे, ती नाणं पाडण्याची खास पद्धत आहे. हे जाहिराती लिहिणारेही विसरतात. नावांच्या जोडीला १ ते ७० आकडे येतात, ते विल्यम शेल्डन या अमेरिकी माणसाचे. त्याने १९४९ साली जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी ही मोजपट्टी काढली. कल्पना सरळ होती: पार घासलेलं नाणं १ डॉलरचं असेल तर निष्कलंक नाणं ७० डॉलरचं. बाजाराने हा हिशेब लवकरच उधळून लावला, आकडे मात्र राहिले. शेल्डन पेशाने मानसशास्त्रज्ञ. माणसांच्या शरीरयष्टीचीही त्याने अशीच प्रतवारी लावली होती. त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं की अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून घेऊन त्याने तिथे हलक्या प्रतीचे ठेवले होते. प्रतीमधला फरक त्याच्याइतका कुणाला कळत होता म्हणा!

खरा कस लागतो तो ‘जवळजवळ यूएनसी’ आणि ‘यूएनसी’ यांच्या सीमेवर. इथे बारकाव्यांपेक्षा चकाकी बोलते. ठशाच्या दाबाखाली धातू मधून कडेकडे पसरतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. दिव्याखाली नाणं हलकेच फिरवलं की त्या रेषांवरून उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. ही टाकसाळीची चकाकी. नाणं हातोहात फिरलं की उंच जागी ती सर्वांत आधी मरते. राजाच्या भुवईवर मंद, मेणचट डाग दिसला आणि बाकी सपाटीवर आरे फिरत राहिले, तर नाणं थोडं का होईना वापरलेलं आहे.

हे पाहायला ट्यूबलाइट चालत नाही. तिचा पसरट उजेड सगळे दोष झाकतो. खोली अंधारी करा, टेबललँपचा एकच दिवा ठेवा. भिंग पाचपटीचं पुरे, आणि तेही उघड्या डोळ्यांनी पाहून झाल्यावर.

सोपी वाटणारी पण फसवी गोष्ट म्हणजे कमजोर ठसा. हत्ती सपाट दिसतो म्हणून नाणं घासलेलंच असेल असं नाही. ठसा नीट बसला नसेल तर तो जन्मतःच सपाट असतो. अशा वेळी पुन्हा चकाकी विचारायची. सपाट जागेवरही आरे फिरत असतील तर दोष टाकसाळीचा, नसतील तर तिथे बोटं फिरली आहेत. तसंच गालावरच्या बारीक खोकांचं. नवी नाणी पोत्यांत भरली जात, एकमेकांवर आपटत. ते ओरखडे प्रत खाली आणतात, पण ती झीज नव्हे.

आणि आता त्या पांढऱ्याशुभ्र रुपयाकडे येऊ. महाराष्ट्रातल्या घरोघरच्या राणीछाप-राजाछाप रुपयांचं नशीब लक्ष्मीपूजनाने ठरवलेलं आहे. दर दिवाळीला डब्यातून काढायचे, गेल्या वर्षीचं हळदकुंकू धुवायचं, चिंच लावायची, रांगोळीने नाहीतर टूथपेस्टने घासायचे. रुपये झगझगीत होतात, देवीही प्रसन्न होत असेल. पण रांगोळी म्हणजे दगडाची पूड. ती चांदीवर एकाच दिशेच्या शेकडो बारीक रेघा ओढते. चिंचेतलं आम्ल तर पृष्ठभागच खातं, म्हणजे ज्या रेषांवर आरे फिरायचे त्याच जातात. अशी चकाकी कशीही फिरवली तरी जागची हलत नाही. एवढी एक परीक्षा शिकलं तरी प्रदर्शनातली निम्मी फसगत टळते. ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या अशा नाण्याला आकडा देतच नाहीत. बारकावे अमुक प्रतीचे, पण ‘क्लीन्ड’, असा शेरा मारतात. गळ्यातल्या माळेसाठी कडी डाखलेल्या रुपयाचीही तीच गत, कडी काढून कड कितीही सफाईने घासलेली असो.

चांदीवर काळसर-जांभळी छटा चढते ती हवेतल्या गंधकामुळे. ती राहू द्यावी. काढण्याजोगी घाण एकच: मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून नाण्यावर उतरणारा हिरवट चिकटा. नाणं शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवलं की तो जातो आणि धातूला काही होत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे शुद्ध अॅसिटोन नव्हे, हे लक्षात ठेवलेलं बरं.

हे सगळं यंत्रावर पाडलेल्या नाण्यांपुरतं. शिवराईपुढे ही मोजपट्टी तोकडी पडते. हातोड्याने ठोकलेल्या त्या तांब्याच्या चकतीपेक्षा ठसाच बहुधा मोठा असे, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही पूर्ण अक्षरं क्वचितच एका नाण्यावर मावतात. तिथे झिजेपेक्षा अक्षरं किती आली, ठसा मधोमध बसला का, हे आधी पाहतात. पेशवाईतल्या अंकुशी रुपयावर सराफांनी चांदी तपासताना मारलेल्या खुणा असतात. कुणी त्यांना व्रण मानून किंमत पाडतो, कुणी बाजारातल्या प्रवासाचा पुरावा म्हणून जपतो. मी दुसऱ्या पक्षातला.

आणखी एक. नाण्याला आकडा मिळावा म्हणून ते परदेशी कंपनीकडे धाडण्याचा मोह पुष्कळांना होतो. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं पुरी झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१८चा रुपया त्या रेषेपलीकडे कधीच गेला. पंचम जॉर्जची उरलेली नाणीही एकेक करून जात आहेत.