मचाणाखालचा वास

रानडुकरांनी उसाचा फड लोळवला की आपला शेतकरी काय काय करत नाही? न्हाव्याच्या दुकानातले केस गोळा करून बांधावर पसरतो, जुन्या साड्यांचे कुंपण घालतो, रात्रभर डबे बडवतो. जनावराला त्याच्या नाकानेच पळवायचे, ही युक्ती आपल्याला नवी नाही. पण तिकडे अमेरिकेत याच युक्तीवरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत तेढ येते आणि तीही दोघांच्या हाती बंदूक असताना. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

मिशिगन हे तिकडचे उत्तरेचे राज्य. मका, सोयाबीन आणि सफरचंदाच्या बागा. तिथे पांढऱ्या शेपटीचे हरीण फार. हे आपल्या सांबर-चितळाच्या कुळातले, म्हणजे दरवर्षी शिंगे गळून नवी येणारे. पिकांचा फडशा पाडण्यात ते आपल्या रानडुकराला हार जाणार नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद झाली. तिकडे मात्र परवाना घेऊन ठरलेल्या दिवसांत ती करता येते. मिशिगनमध्ये बंदुकीने शिकार करायचा मुख्य हंगाम 15 ते 30 नोव्हेंबर, जेमतेम सोळा दिवस. काही गावांत पहिल्या दिवशी शाळेलाही सुट्टी असते. मारलेल्या हरणाचे मांस विकायला कायद्याने बंदी आहे. ते घरच्या फ्रीजरमध्ये जाते आणि हिवाळाभर पुरते. तेव्हा हंगाम हुकला तर तो नुसत्या हौसेचा प्रश्न राहत नाही, घरच्या तोंडांचाही होतो.

आता समजा, एक शेतकरी सरकारी जंगलाच्या कडेला मचाण बांधून बसला आहे. मिशिगनमध्ये असे सरकारी जंगल सुमारे 40 लाख एकर आहे. तिथे मचाणावर आपले नाव-पत्ता लावावा लागतो, पण म्हणून ती जागा काही आपल्या नावावर होत नाही. चार दिवस हरणे नेमाने येत होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी मचाणाखाली कसला तरी उग्र दर्प आणि हरणाचा पत्ता नाही. पहिला विचार मनात येतो तो हाच : पलीकडच्या मचाणवाल्याने काहीतरी ओतले!

असे कोणी करतच नाही, असे नाही. मिशिगनच्या कायद्यात तर स्पष्ट लिहिले आहे, की दुसऱ्याच्या कायदेशीर शिकारीत अडथळा आणण्यासाठी आवाज, दृश्य, चव किंवा वास यांचा वापर करून जनावर बिथरवणे हा गुन्हा आहे. वासाचासुद्धा उल्लेख आहे, बघा! अशा प्रकारचे कायदे अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आहेत. पण नुसता वास आला एवढ्यावर गुन्हा ठरत नाही. कोणी, कशासाठी केले, हे दाखवावे लागते.

आणि गंमत अशी, की नोव्हेंबरातले जंगल आपणहूनच दरवळत असते. हा हरणांच्या माजाचा काळ. ज्यांच्या घरी बोकड आहे त्यांना जास्त सांगायला नको. माजावर आलेला नर मागचे पाय जवळ घेऊन त्यांच्या आतल्या बाजूच्या ग्रंथींवर मुततो, तिथले केस काळेभोर होतात आणि असा काही भपकारा सुटतो की माणसालाही तो लांबून कळतो. शिवाय तो खुराने जमीन उकरतो, तिथे मुततो आणि वरच्या फांदीला तोंड-कपाळ घासून आपली खूण ठेवतो. म्हणजे मचाणाखालचा दर्प हा पळवून लावणारा नसून, रात्री मोठा नर येऊन गेल्याची पावतीही असू शकतो.

दुसरा संशयित स्कंक. मांजराएवढा, काळ्या अंगावर पांढरे पट्टे. छेडला की शेपटी वर करून फवारा सोडतो. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम जो घाण वास दिलेला असतो, त्याच जातीची गंधकी द्रव्ये या फवाऱ्यात असतात. वारा असेल तर हा दर्प मैलभर जातो. तांबड्या कोल्ह्याच्या मुतालाही साधारण असाच वास. कोणाच्या गोळीने जखमी होऊन झुडपात मेलेले हरीण असेल, तर तो वास वेगळा सांगायला नकोच.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मजेशीर वाटते. शेजारच्या सफरचंदाच्या बागेचा मालक हरणांना कंटाळलेला असतो. तो झाडाझाडाला आंघोळीच्या साबणाच्या वड्या टांगतो, केसांची पुरचुंडी बांधतो, सडक्या अंड्यांपासून केलेले औषध फवारतो. ही औषधे तिकडे दुकानात मिळतात, कायोट नावाच्या रानटी कुत्र्याचे मूत्रसुद्धा बाटलीत भरून विकतात. बिचाऱ्याच्या मनात शिकाऱ्याशी वैर नसते, त्याला फक्त कळ्या वाचवायच्या असतात. साबणाच्या वडीचा प्रभाव हात-दोन हातांपलीकडे फारसा जात नाही आणि हरणे हळूहळू असल्या वासांना सरावतात. वाया गेलेल्या वडीपायी आपल्याकडच्या घरधनिणीने मात्र नवऱ्याला चांगलेच सुनावले असते.

मग तो दर्प संध्याकाळीच का आला? याचे उत्तर हवेत आहे. सकाळी ऊन चढू लागले की हवा तापून उताराने वर सरकते. दिवस कलला की गार, जड झालेली हवा ओघळीतून पाण्यासारखी खाली उतरते. वरच्या अंगाला बाग असो की मेलेले जनावर, सकाळी ज्याचा मागमूस नव्हता तो वास तिन्हीसांजेला मचाणापाशी येऊन थांबतो. आणि माणसाला वाटते, दुपारी कोणीतरी येऊन ओतून गेला.

हरणाला खरी धास्ती असते ती माणसाच्या वासाची. मचाणावरच्या माणसाचा घाम, त्याची तंबाखू, वाटेतल्या गवताला घासलेली विजार. त्याच गार हवेबरोबर हे सगळे खालच्या ओघळीत जाते, नेमके जिथून हरणे वर यायची असतात. पाचव्या दिवशी हरणे का फिरकली नाहीत, याचा जाब शेजाऱ्याला विचारण्याआधी त्या गड्याने स्वतःच्या चार दिवसांच्या घामाला विचारायला हवा होता.

अर्थात चिखलात परक्या बुटाचे ठसे दिसले, डांबराच्या गोळ्या किंवा रिकामी बाटली सापडली, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी वस्तूला हात न लावता फोटो घ्यायचा, जागा आणि वेळ टिपून ठेवायची आणि राज्याच्या वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचे. बंदूक खांद्यावर घेऊन दुसऱ्याच्या मचाणाखाली भांडायला जायचे नाही. भरलेल्या बंदुकी आणि चढलेला पारा, दोन्ही एका झाडाखाली नकोत.

तिकडचे मुरलेले शिकारी मात्र खिशात एक वस्तू बाळगतात. आपल्या रुईच्या कुळातले एक झाड तिकडे शेतकडेला उगवते. त्याची बोंडे सुकली की आत तशाच रेशमी म्हाताऱ्या असतात, आपली पोरे फुंकून उडवतात तशा. मचाणावर बसल्यावर शिकारी एकेक म्हातारी सोडतो आणि ती कुठे तरंगत जाते ते बघत राहतो. ती सरळ हरणांच्या वाटेकडे निघाली, की मुकाट्याने उतरून दुसरे झाड शोधतो.